ढोलीचं बूड

दुपारी दोनच्या सुमारास आसगावात समुद्र यायचा. गेले नऊ दिवस तो रोज आला होता. धान निघालेल्या शेतांच्या बांध्या मेच्या उन्हात पांढऱ्या पडल्या होत्या आणि त्या पांढऱ्यावर, पळसाच्या ओळीपर्यंत, पाणी उभं राहायचं. लाट नसायची, आवाज नसायचा. पळसाची झाडं आधी बुडाशी थरथरायची, मग बूड सोडून तरंगायला लागायची. ऊन कललं की पाणी मागे सरकायचं आणि झाडं पुन्हा जमिनीवर उतरायची. ते पाणी नाही, तापलेली हवा आहे, हे खिडकीत बसलेल्या हर्षाला माहीत होतं. तरी तिनं वहीच्या कडेला रोजची वेळ टिपून ठेवली होती. आज एक पंचावन्न.

टिपण्याची सवय कामाची होती. हर्षा किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत कंत्राटावर होती आणि मे महिन्यात घरून काम करायची तिला परवानगी मिळाली होती. काम पाणी मोजण्याचं होतं, तेही समोर नसलेलं. रिकामं जहाज समुद्रावर नीट तोल धरत नाही. म्हणून माल उतरवला की ते त्याच बंदराचं पाणी पोटातल्या टाक्यांमध्ये भरून घेतं. पुढच्या बंदरात माल चढू लागला की तेच पाणी तिथं सोडतं. या पाण्याला बॅलास्ट म्हणतात. पाण्याबरोबर पहिल्या बंदरातलं शेवाळ, खेकड्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं, शिंपल्यांच्या अळ्या, असं बरंच काही परक्या किनाऱ्यावर उतरतं. त्यातलं बहुतेक मरतं. जे मरत नाही ते तिथं घर करतं आणि आधीच्यांची जागा खातं. आता जहाजांवर पाणी शुद्ध करण्याची यंत्रं असतात. ती चालवली का, हे फॉर्मवर लिहिलेलं असतं, पण टाकीत कोणी उतरून पाहत नाही.

हर्षाकडे पूर्व किनाऱ्यावरचं एकच बंदर होतं. वर्षभरात तिथं तीनशे अठरा जहाजं लागली होती. त्यांचे फॉर्म घ्यायचे, जिथं फॉर्म अर्धवट तिथं चढवलेल्या मालावरून पाण्याचा अंदाज बांधायचा आणि बाहेरचं किती पाणी त्या किनाऱ्यावर पडलं याचा एक आकडा द्यायचा. दहा लाख टनांच्या वर गेलेल्या बंदरांत दर महिन्याला पाण्याचे नमुने घेतले जाणार होते. खाली राहिलेल्या बंदरांकडे दोन वर्षं कोणी जाणार नव्हतं. अहवाल आज पाचपर्यंत पाठवायचा होता. साडेपाचला संस्थेची बैठक होती.

हर्षाचा आकडा आला होता नऊ लाख एकाहत्तर हजार चारशे.

तो तिनं तीनदा तपासला. तिन्ही वेळा तोच आला.

फेब्रुवारीत ती त्या बंदरावर पंधरा दिवस राहून आली होती. बंदराच्या दक्षिणेला खाडी होती आणि खाडीत कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून बायका पायानं शिंपल्या चाचपत असत. त्यातली एक म्हातारी रोज दिसे. तिची भाषा हर्षाला येत नव्हती. एका सकाळी म्हातारीनं हर्षाचा हात ओढून तळव्यावर चार शिंपल्या ठेवल्या. तीन जाड, पांढऱ्या. चौथी पातळ, काळपट हिरवी. म्हातारीनं चौथीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या टोपलीकडे दाखवलं. टोपली अर्ध्याहून जास्त काळपट हिरवी होती. ती घ्यायला कोणी येत नाही, हे तिनं नुसतं हात हलवून सांगितलं. कुठून आलीस, असंही तिनं खुणेनं विचारलं. हर्षा म्हणाली, वैनगंगा. म्हातारीला कळलं नाही. वैनगंगा पुढे दुसऱ्या नद्यांत मिळते आणि ते पाणी शेवटी याच किनाऱ्याला येतं, हे कसं सांगायचं ते हर्षाला सुचेना. शेवटी ती म्हणाली, गोदावरी. म्हातारी हसली आणि तळहातानं पाण्यावर थाप मारली. हीच.

ती थाप हर्षाला अजून ऐकू यायची. निघताना तिनं म्हातारीला मोबाइलमधला शिंपलीचा फोटो दाखवून, मी बघते, अशी खूण केली होती. खूण करणं सोपं होतं. आता अठ्ठावीस हजार सहाशे टन पाणी कमी पडत होतं.

"काहून वं हर्षा, झाला का समुद्र मोजून?"

शेजारचे टिकाराम अंगणातल्या पारावर येऊन बसले होते. त्यांचं मळणीयंत्र होतं. मेमध्ये त्याला काम नसे, त्यामुळे त्यांनाही नसे.

"झाला जवळपास, काका."

"राहिला असंल तर सांग. माह्या घरी दहा एचपीचा पंप हाये. उपसून देतो."

"दहाच्या पंपानं कितीक दिवस उपसाल?"

"तुले का करायचं हाये? पंप माहा, लाइन सरकारची."

"टिकारामभाऊ, तुमी चहा प्या अन् मले ते घमेलं सरकवून द्या," हर्षाची आई, कौशल्याबाई, आतून म्हणाल्या. "पोरीले पाच वाजेपर्यंत काम हाये."

त्यांनी सावलीत घमेलं मांडलं होतं. त्यात दहा लिटर पाणी मोजून ओतलं, तीनशे ग्रॅम मीठ विरघळवलं. दरसाल पेरणीआधी बियाण्याचं धान मिठाच्या पाण्यात टाकून पाहायचं असतं. भरलेला दाणा बुडतो, पोकळ दाणा वर येतो. वरचं काढून टाकायचं, खालचं दोनदा धुऊन सावलीत वाळवायचं. लहानपणापासून हर्षानं हे पाहिलं होतं. यंदा पहिल्यांदा तिच्या मनात आलं की शंभराला तीन भाग मीठ म्हणजे जवळपास समुद्रच. घमेल्यात हात बुडवला असता तर त्या खाडीचाच स्पर्श झाला असता, फक्त ऊब थोडी जास्त.

कौशल्याबाईंनी सकाळीच ढोलीतून, घरातल्या धानाच्या कणगीतून, सुपात काढलेलं चिन्नोर धान घमेल्यात सोडलं. सुवासिक, बारीक धान. बाजारात न मिळणारं, घरचंच बी दरसाल राखून वाढवलेलं. दाणे खाली गेले. मग थोडे वर आले. मग आणखी आले. थोड्या वेळानं घमेल्याच्या तोंडावर दाण्यांची साय धरली आणि खालचं पाणी दिसेना.

"अजी, इकडं या बरं," कौशल्याबाईंनी नवऱ्याला हाक मारली.

धनीराम गोठ्यातून आले, घमेल्यात पाहिलं. दोन बोटांनी एक तरंगता दाणा उचलला आणि उन्हात धरला. दाण्याला सुईच्या टोकाएवढं भोक होतं.

"मीठ जास्त झालं असंल," ते म्हणाले.

"मोजून टाकलं."

"मंग पाणी कमी झालं असंल."

"पाणीही मोजलं. मिठाले बोल नका लावू. दाना पोकळ हाये."

"मळणीले धान कोरं होतं. दातानं फोडून पाहिलं मी. खराब दाना नव्हता."

"माह्याच मशीनवर काढलं," टिकाराम पटकन म्हणाले. "कोरं होतं. मशीनचं नाव नका घेऊ."

"कोनं घेतलं मशीनचं नाव?"

"घेऊ नका म्हनून सांगून राहिलो."

धनीरामांनी दाणा नखानं चिरला. आत पीठ नव्हतं, राख होती. धान पोखरणारी पाखरं, ते बारीक राखी पतंग, दाण्यात वाढून गेले की असंच होतं. "कोरं धान ढोलीत टाकलं. वरून शेनानं लिपलं. मंग पाखरं आले कोठून?"

"बुडातून," कौशल्याबाई म्हणाल्या.

टिकारामांनी चहाची बशी खाली ठेवली.

ढोली मधल्या खोलीत होती. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीनं सारवलेली, पुरुषभर उंच, तोंडाशी निमुळती. आजोबांच्या हातची. त्या घरात ढोलीचं बूड कधी कोणाला दिसू द्यायचं नाही, असा रिवाज होता. खाली एक पायली धान राहू द्यायचं. ते लक्ष्मीचं. पायली शिल्लक असतानाच धनीराम म्हणत, ढोली रिकामी झाली, आणि घरात सगळे तसंच म्हणत. गेल्या पावसाळ्यातही ती अशीच रिकामी झाली होती. डिसेंबरात त्या पायलीवर चार खंडी नवं चिन्नोर ओतलं गेलं.

"माह्या बापानं बूड दाखवलं नाई. त्याच्या बापानं नाई," धनीराम म्हणाले.

"त्याईच्या वेळेस बुडात पाखरं नसतीन," कौशल्याबाई म्हणाल्या. "मी का लक्ष्मीले नावं ठेवून राहिली? मी पाखराईचं सांगून राहिली."

हर्षा अंगणातून परत खोलीत आली तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. कूलर घरघरत होता. वाळ्याच्या टट्ट्यावरून पाणी ठिबकत होतं. तिनं अहवालाचं पहिलं पान उघडलं. वर बंदराचं नाव होतं आणि आकड्याची जागा रिकामी होती. तिथं नऊ लाख एकाहत्तर हजार चारशे लिहायचं आणि पाठवून द्यायचं, एवढंच बाकी होतं. डोळ्यांवर ऊन आलं होतं. तिनं क्षणभर डोळे मिटले.

ती ढोलीत होती. सहा-सात वर्षांची. घरात तीच लहान म्हणून तिलाच आत सोडत. बाबा दोन्ही दंडांना धरून खाली उतरवत आणि पाय धानात रुतले की सोडून देत. आत अंधार, कोंड्याचा वास, वर गोल तोंड आणि त्यात बाबांचा चेहरा. वरचे आवाज फार लांबून आल्यासारखे. ती पायली भरून वर द्यायची आणि बाबा मोजायचे. पहिल्या मापाला ते एक म्हणत नसत, लाभ म्हणत. लाभ, दोन, तीन. आज मात्र पायली भिंतीला लागली तेव्हा खणकन वाजली. भिंत लोखंडाची होती. कामट्यांच्या जागी खिळ्यांच्या ओळी होत्या, त्यावर गंज, गंजावर ओल. खालून पाणी येत होतं. कोमट, खारट. ते घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं, आणि वर कोणीतरी मोजतच होतं. मग ते पाणी कुठंतरी ओढलं जाऊ लागलं आणि उतरत उतरत पुन्हा घोट्यापर्यंत आलं. तिथं थांबलं. वरून बाबा म्हणाले, रिकामी झाली का? ती म्हणाली, झाली. ती घोटाभर गाळात उभी होती. पायाखाली काहीतरी हललं. गाळातून राखी पाखरं वर येऊ लागली, एकेक करून, आणि वर येता येता त्यांचे पंख शिंपल्यांसारखे उघडले. काळपट हिरवे.

जाग आली तेव्हा तीन बावीस झाले होते. कूलरचा पंखा फिरत होता. हर्षा स्क्रीनकडे पाहत राहिली आणि मग तिनं तक्ता खाली, आणखी खाली सरकवला.

एकसष्ट जहाजांपुढे बाहेरच्या पाण्याच्या रकान्यात शून्य होतं.

ही जहाजं रिकामी आली नव्हती. ती कोळसा नाहीतर खत भरून आली, म्हणून त्यांच्या फॉर्मवर होतं, बॅलास्ट नाही, टाक्या रिकाम्या. त्यांनी एका धक्क्यावर माल उतरवला आणि तोल राखायला त्याच बंदराचं पाणी टाक्यांत घेतलं. मग ती दुसऱ्या धक्क्यावर गेली, तिथं तांदूळ चढवला आणि ते पाणी सोडलं. तांदूळ भंडारा-गोंदियाकडच्या गिरण्यांतलाही होता. आसगावचाही असेल. पाणी इथलं घेतलं, इथंच सोडलं, म्हणून बाहेरचं पाणी शून्य. हे शून्य हर्षानं स्वतः भरलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. फॉर्मवर रिकामी लिहिलेलं वाचलं आणि तिचा हात पुढे गेला.

पण कुठलाही पंप टाकीचं बूड कोरडं करू शकत नाही. खाली थोडं पाणी राहतं, गाळ राहतो. कुठल्या कुठल्या बंदरांचा, वर्षानुवर्षं बसलेला. किती, हे तिनं वाचलेलं होतं. जहाजागणिक चाळीस ते ऐंशी टन.

तिनं मधला आकडा धरला. साठ. साठ गुणिले एकसष्ट, तीन हजार सहाशे साठ.

बेरीज झाली नऊ लाख पंच्याहत्तर हजार साठ. दहा लाखाला अजून पंचवीस हजार कमी.

एकसष्ट ठिकाणी साठऐवजी पाचशे टाकले असते तर आकडा पार झाला असता आणि कोणी विचारलंही नसतं. हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं वही बंद केली. बाहेर समुद्र मागे सरकला होता. पळस जमिनीवर आले होते.

अंगणात कौशल्याबाई ताटात पसरलेल्या धानाकडे पाहत होत्या. बुडलेलं एका बाजूला, तरंगलेलं दुसरीकडे. तरंगलेल्याचा ढीग मोठा होता.

"आई," हर्षा म्हणाली, "बुडात एकच पायली होती नं? मंग खराब किती धरायचं? पायलीच नं?"

"पायलीच का?"

"म्हंजे, खराब धान तेवढंच होतं. बाकीचं तं चांगलंच टाकलं आपण."

कौशल्याबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं त्या लहानपणी तिला उलटी चप्पल घातलेली दिसल्यावर पाहत. मग उठून मधल्या खोलीत गेल्या. धनीरामांनी तोवर ढोलीचं तोंड पूर्ण मोकळं करून धान पोत्यांत भरायला घेतलं होतं. कौशल्याबाईंनी सूपभर धान काढून आणलं आणि मुलीच्या हातात दिलं.

"घे. ते पायली निवडून दे मले."

हर्षानं सुपात हात घातला. बोटांभोवती धान गरम होतं. तिनं मूठ वर उचलली आणि मुठीतून सात-आठ पाखरं उडाली. राखी रंगाची, नखाएवढी. ती अंगणाच्या उन्हात गेली आणि दिसेनाशी झाली. सुपातलं कुठलं धान जुनं, कुठलं डिसेंबरातलं, हे सांगता येत नव्हतं.

"कोन्ती पायली हाये यातली?" कौशल्याबाई म्हणाल्या. "सारीच नं?"

चारला सात मिनिटं कमी असताना हर्षा लॅपटॉप घेऊन बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर गेली. गावात नेटवर्क तिथंच धड मिळे. बोडी अर्धी आटली होती. उरलेल्या पाण्यात म्हशी बसल्या होत्या आणि नुसती डोकी वर होती. आंब्याच्या सावलीत बसून तिनं अश्वजित सरांना फोन लावला. ते तिचे वरिष्ठ, मूळचे नागपूरचे, बैठकीत बंदरांची यादी मांडणारे.

तिनं सगळं सांगितलं. टाक्यांचं बूड, वरून घेतलेलं पाणी, मिसळण. "सर, ते साठ टन वेगळे काढता येत नाहीत. त्यावर दर जहाजात नऊ हजार टन पाणी ओतलं की सगळंच बाहेरचं झालं. खाडीत जे पडतं ते सगळं."



"हर्षा, सकाळी तुझा आकडा खाली होता," अश्वजित सर म्हणाले. "आता चार वाजता तो वर गेला. बैठकीत मला पहिला प्रश्न हाच येणार, मधल्या वेळात काय झालं. काय झालं?"

"आमचं बियाणं तरंगलं, सर."

"काय?"

तिनं तेही सांगितलं. सर हसले नाहीत. मागे कुठंतरी गाडीचा हॉर्न वाजला.

"हे अहवालात लिहू नको," ते म्हणाले. "त्या खाडीवर तुझा जीव आहे, हे मला माहीत आहे. म्हणून मी जास्त खोदून विचारतो. एकसष्टच्या एकसष्ट टाक्यांत गाळ होता? एखाद्यानं गोदीत नेऊन धुतल्या नसतील?"

फॉर्मला जोडलेली टाक्यांच्या तपासणीची प्रमाणपत्रं हर्षानं उघडून पाहिली नव्हती.

"पाहते."

"पाहा. आणि ऐक. आधी खालचा आकडा लिही. नियमाप्रमाणे जो येतो तो, पहिल्याच ओळीत. लपवायचा नाही. मग दुसरा. आणि मध्ये कारण, चार ओळींत. पाचवी ओळ कोणी वाचत नाही."

तिनं एकसष्ट प्रमाणपत्रं उघडली. नेटवर्क जात-येत होतं. एक पान उघडायला कधी वीस सेकंद, कधी मिनिट. म्हशी एकेक करून पाण्याबाहेर निघाल्या आणि पाळीवरून ओल्या पाठींनी गेल्या. त्यांच्या पाठींवरून निथळणारं पाणी वाटेवर रेघ ओढत गेलं. दुसऱ्या बोडीत त्या शिरतील तेव्हा त्या पाण्यात या पाण्यातलं काय उतरेल, असा विचार तिच्या मनात आला आणि त्याच्यामागे ती दोन मिनिटं हरवली. मग भानावर आली. चार एकतीस.

चौदा जहाजांनी वर्षाच्या आत टाक्या उपसून, गाळ काढून धुतल्या होत्या. ती चौदा तिनं वगळली. उरली सत्तेचाळीस.

पहिल्या ओळीत तिनं लिहिलं: प्रचलित नियमानुसार, टाक्यांच्या बुडातलं पाणी तेवढंच धरून, अंदाज नऊ लाख चौऱ्याहत्तर हजार दोनशे वीस टन. मर्यादेच्या खाली. मग चार ओळी. पहिल्या खेपेला त्या सहा झाल्या. कापून पाच केल्या, मग चार. शेवटी दुसरा आकडा: सत्तेचाळीस जहाजांनी सोडलेलं सगळं मिश्र पाणी धरल्यास चौदा लाख तीन हजार आठशे टन.

चार त्रेपन्नला तिनं पाठवा हे बटण दाबलं. गोल चक्र फिरत राहिलं. चार सत्तावन्नला ते थांबलं. गेलं.

घरी आली तेव्हा मधल्या खोलीत पोती भिंतीला लागली होती आणि ढोलीत धनीरामांचा हात बुडापर्यंत पोचत नव्हता. ते स्टुलावर उभे होते. टिकाराम खाली उभे राहून सल्ले देत होते.

"उतरा नं आत," टिकाराम म्हणाले.

"मी आत उतरलो तं तू मले बाहेर काढशीन का?"

"मशीन लावून काढतो."

"तुयी मशीन मले दान्यासारखी काढंल अन् कोंड्यासारखी फेकंल."

कौशल्याबाई दारात आल्या. त्यांच्या हातात छोटं गाडगं होतं. "बुडातलं मी उकडून घेतो. उकडलं का पाखराचं बीज राहात नाई. वाळवून गाडग्यात भरून देवाजवळ ठेवतो. लक्ष्मी घरातच राहाते. ढोली मात्र झाडा, आतून लिपा, अन् दोन दिवस उन्हात ठेवा."

"उकडलेली लक्ष्मी!" टिकाराम म्हणाले.

"तुमाले उकडल्याचा भात चालते, लक्ष्मी काहून नाई चालत?"

धनीराम गाडग्याकडे पाहत राहिले, मग ढोलीच्या काठावरून हात फिरवला. काठ त्यांच्या वडलांच्या हातांनी गुळगुळीत केलेला होता. "उतरनार कोन?" ते शेवटी म्हणाले.

"मी उतरतो," हर्षा म्हणाली.

"तू आता बसत नाईस त्यात."

ती बसली. कंबर तोंडाशी थोडी अडली, मग सुटली. वडलांनी तिचे दोन्ही दंड धरले होते. पाय धानाला लागल्यावर त्यांनी सोडले. मोबाइल तिनं आईच्या हातात दिला होता. आत अंधार होता, पूर्वीइतकाच. कोंड्याचा वास होता. वर गोल तोंड आणि त्यात बाबांचा चेहरा, केस पांढरे झालेला. तिनं पायली भरून वर दिली.

"लाभ," धनीराम म्हणाले.

दुसरी पायली अर्धी भरली. मग मुठीनं, मग झाडणीनं. पाखरं तिच्या तोंडावरून वर जात होती, उजेडाकडे. वरचे आवाज लांबून आल्यासारखे येत होते. टिकाराम कोणाला तरी काहीतरी सांगत होते. मग मोबाइल वाजला, एकदाच.

"मेसेज हाये," कौशल्याबाईंचा आवाज आला. "अश्वजित सर."

"वाच नं, आई."

कौशल्याबाई सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि मोबाइलवरची अक्षरं त्या एकेक करून उचलत. "बंदर... यादीत... घेतलं." थांबल्या. "तात्पुरतं. तीन... महिने. खूप भांडन झालं." पुन्हा थांबल्या. "पहिला नमुना... खाडीतून. सात जूनले... तू ये."

हर्षा ढोलीच्या तळाशी उकिडवी बसली होती. तिनं तळवा उघडला. त्यावर काही नव्हतं, कोंडा चिकटला होता. कुठंतरी पाण्यावर थाप वाजली, अगदी हलकी, आणि कामट्यांतून झिरपल्यासारखी आत आली.

"यादीत घेतलं म्हंजे चांगलं का?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"चांगलं," हर्षा खालून म्हणाली.

"मंग हे भांडन कायचं?"

"पोरीनं मोजलं तं भांडन होनारच," टिकाराम म्हणाले.

धनीरामांनी वाकून आत पाहिलं. त्यांच्या सावलीनं उजेड झाकला गेला आणि आतली पाखरं क्षणभर गोंधळून भिंतीला बसली. साठ-सत्तर वर्षांत त्या ढोलीचं बूड कोणी पाहिलं नव्हतं. तेही पाहत होते की नाही, अंधारात कळत नव्हतं.

"रिकामी झाली का?" त्यांनी विचारलं.

हर्षानं तळाच्या विणीवरून बोटं फिरवली. दोन कामट्यांच्या मधल्या फटीत दाणे होते. नखानं उकरले तर त्यांच्याखाली आणखी होते, काळे पडलेले, आजोबांच्या वेळचेही असतील.

"नाई, बाबा," ती म्हणाली. "आनखी हाये."